नवसाची टाइल

न्हाणीघराच्या टाइल मला न्हाणीघरातच सहन होतात. दुसरीकडे दिसल्या की माझं डोकं फिरतं. आणि ज्या इमारतीवर मी जन्मभर जीव लावला, तिच्या आतल्या भिंतींना आज खालपासून डोक्याच्या वरपर्यंत न्हाणीघराच्याच टाइल आहेत. गुलाबी, पोपटी, आकाशी. एकीवर द्राक्षांचा घड आहे. एकीवर वाफाळत्या चहाची कपबशी आहे. ती टाइल मुळात कोणीतरी स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी घेतली असणार आणि उरली असणार. ती आणून पिराच्या उशाकडच्या भिंतीला चिकटवली, आणि खाली स्वतःचं नाव, गाव आणि ‘सहपरिवार’ असं रंगवून घेतलं. पिराला चहा लागतो की काय, देव जाणे.

ही इमारत म्हणजे एक जुना दर्गा. उदगीरहून देगलूरकडे जाताना एका फाट्यावरून आत वळायचं. लातूर जिल्हा संपून नांदेड जिल्हा सुरू होतो तिथलं हे गाव, आणि दोन जिल्ह्यांच्या मधल्या गावाच्या वाट्याला जे येतं तेच याच्याही वाट्याला आलं, म्हणजे काही नाही. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर ते वाचून कोणीतरी भाविक ग्रॅनाइटचा ट्रक घेऊन पोचेल, याची मला खात्री आहे.

मी चित्रकलेची शिक्षिका. नोकरीची सगळी वर्षं नांदेडच्या एका शाळेत काढली, आता निवृत्त होऊन लातूरला राहते. माहेर उदगीरचं. आम्ही लिंगायत, अप्पांचं किराण्याचं दुकान होतं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि गुरुवारी दर्गा, यात आमच्या घरात कधी कोणाला काही वावगं वाटलं नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, मला कडेवर घेऊन इथं यायची. इथं बायकांना आत जायला कोणी अडवत नाही. ती मजारीपाशी ऊद लावायची, हात जोडायची, मग भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची. मी जमिनीवर उताणी पडायची. बाहेर ऊन रणरणत असलं तरी ती जमीन गार असायची. वर घुमट होता, आणि त्याच्याकडे बघत बघत मी झोपून जायची.

पुढे चित्रकला शिकायला लागल्यावर मला पहिल्यांदा प्रश्न पडला की खाली खोली चौकोनी, वर टोपी गोल, मग मधे नेमकं काय झालं? परत येऊन नीट पाहिलं. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत एकेक तिरकी कमान टाकली होती. त्याने चौकोनाचा अष्टकोन झाला. त्या अष्टकोनावर लहान लहान कोनाड्यांची रांग, आणि तिच्यावर घुमट अलगद बसलेला. डोक्यावर घागर ठेवायला चुंबळ लागते, तशी घुमटाला ही अष्टकोनी चुंबळ दिलेली. एवढं सगळं ओझं कमानींच्या खांद्यांवरून भिंतीत उतरतं आणि भिंतीतून जमिनीत जातं. लोखंड नाही, सिमेंट नाही. दगड, वीट आणि चुना. मला आठवतं, त्या दिवशी मला एकटीलाच हसू आलं होतं, कोडं सुटल्यावर येतं तसं.

नंतर मी दरवर्षी मुलांना घेऊन कंधारला गेले, औशाला गेले, उदगीरच्या किल्ल्यात तर किती वेळा. वह्या आणि पेन्सिली देऊन कमानींसमोर बसवायची. बहुतेकांना घोड्याच्या नालासारखी एक वाकडी रेघ काढून मोकळं व्हायचं असायचं. मी पुसायला लावायची. म्हणायची, आधी बघा. ही कमान दोन वर्तुळांतून निघाली की चार, ती कुठे वळते, टोकाला येताना सरळ का होते. आमच्या मराठवाड्यातली ही कामं दिल्लीची नक्कल नाहीत. इराणकडून घुमटाची विद्या आली, दगड आमचा काळा, पाथरवट इथले, आणि छज्ज्याला खालून धरणारे दगडी हात त्यांनी देवळांतून सरळ उचलून आणले. कमळही आणलं. मागे कोणी परवानगी विचारली असेल असं वाटत नाही. हाताला जे येत होतं ते हाताने केलं.

हे मी वर्गात सांगायची आणि शिक्षकखोलीत माझी थट्टा व्हायची. बाई परत ‘त्यांच्या’ इमारती दाखवून आल्या. आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी तर लग्नाच्या पंगतीत मला विचारलं, “आपली देवळं काय कमी हायत का? त्यांचं एवढं काय घेऊन बसलीस?” मी म्हटलं, तुम्ही ज्या देवळाचे विश्वस्त आहात, तिथल्या दगडी खांबांना तुम्हीच सोनेरी ऑइलपेंट दिलाय, तेव्हा आपलं-त्यांचं हा हिशोब मला शिकवू नका. मला वाढणाऱ्या बाईने घाईघाईने आणखी दोन पुऱ्या वाढल्या.

पण दुसऱ्या बाजूलाही काही आनंद नव्हता. दर्ग्याच्या कमिटीतले एक सद्गृहस्थ आखातात नोकरी करून आलेले. ते मला मोबाइलवर तिकडच्या मशिदींचे फोटो दाखवायचे. “बघा बाई, कसं चकाचक. आपलं कसं भुतासारखं दिसतं.” भुतासारखं म्हणजे काय, तर चुन्याच्या गिलाव्याला आलेला जुन्या हस्तिदंतासारखा रंग. एकाला ती इमारत आपली वाटत नाही म्हणून नको होती, दुसऱ्याला आपली वाटते म्हणून बदलायची होती. माझ्यासारखीने जायचं कुठे?

आता ते फूल सांगते, कारण सगळं त्याच्यावर येऊन थांबलं. पश्चिमेच्या भिंतीत मेहराब आहे, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कमानदार कोनाडा. त्या कमानीच्या दोन्ही खांद्यांवर चुन्यात केलेलं एकेक गोल फूल होतं. ताटाएवढं, भिंतीपासून बोटभर पुढे आलेलं. आठ पाकळ्या, प्रत्येक पाकळीत आणखी एक पाकळी, आणि खालून एक वळलेलं पान त्याला असं धरून होतं की फूल कमानीवरून घरंगळू नये. ओल्या चुन्यात हे काम करायचं तर वेळ फार थोडा असतो. डाव्या फुलाची एक पाकळी बाकीच्या सातांपेक्षा किंचित रुंद होती. करणाऱ्याचा हात तिथे जरा सैल पडला असेल. मला ते फूल त्या पाकळीमुळेच आवडायचं.

टाइलचा प्रकार कसा सुरू झाला, याची गोष्ट गावात सगळे सांगतात. एकाचं घर बांधून होत होतं आणि त्याची मुलगी तापाने फणफणली. त्याने पिराला बोलून ठेवलं की पोर उठली तर माझ्या घराला जे लावीन ते तुझ्याही घराला लावीन. पोर उठली. त्याने चार टाइल आणून मजारीजवळ लावल्या. भोळा माणूस, त्याच्यावर मी रागावू शकत नाही. पण एकाने गाय मारली म्हणून दुसऱ्याने वासरू मारायचं, असं पुढे सुरू झालं. नोकरी लागली, टाइल. पाळणा हलला, टाइल. बोअरला पाणी लागलं, टाइल. हिंदूंनी लावल्या, मुसलमानांनी लावल्या, यात मात्र काही भेदभाव झाला नाही. आणि त्याचा एक रिवाजही ठरून गेला. ज्याच्यासाठी नवस बोलला, त्यानेच ती टाइल तळहाताने भिंतीवर दाबून धरायची, आणि सिमेंट पकडेपर्यंत हात काढायचा नाही. हात लावला नाही तर नवस फिटत नाही.

जमिनीलाही टाइल. एकीवर एक, थरावर थर. जमीन इतकी वर आली की लहानपणी मी मान उंच करून बघायची ती मेहराबीवरची फुलं आता माझ्या कपाळासमोर आली. आत गारवा राहिला नाही. चुन्याची भिंत पाणी पिते आणि सोडते, तिला तुम्ही चकचकीत कातडं चिकटवलंत तर पाणी जाणार कुठे? ते वर चढलं. घुमटाच्या बुडाशी ओल आली, पापुद्रे पडायला लागले. मग लोक म्हणाले, बघा, जुनं किती खराब झालंय, तिथेही टाइल लावा.

मी कमिटीकडे गेले. सरकारी कचेरीत गेले, तिथे सांगितलं की ही वास्तू यादीत नाही, आणि यादीत घालायची तर वरून कोणीतरी येऊन पाहायला हवं. कोण येणार, ते त्यांना माहीत नव्हतं. मी मुजावरांकडे गेले. दर्ग्याची दिवाबत्ती पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे आहे. साठीचे, शांत गृहस्थ. त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, “बाई, बुरा मानू नका. तुमी वर्सातून दोनदा येता, वर बगता, लई चांगलं म्हनता अन्‌ जाता. चुना आमच्या डोस्क्यावर पडतो. टाइल पुसली की साफ. तुमी मला चुन्याचा कारागीर आनून द्या, मी टाइल बंद करतो.” मी कारागीर शोधला. नांदेडला शोधला, बिदरपर्यंत विचारलं. दगडी चाकाच्या घाणीत चुना मळणारा कोणी मिळाला नाही. जे एक-दोघे सापडले, ते मोठ्या शहरांत हॉटेलांची कामं करत होते आणि आमच्या फाट्यावर उतरायला त्यांना सवड नव्हती. मला मुजावरांचा राग आला होता आणि त्यांना सांगायला तोंड नव्हतं, म्हणून आणखी राग आला.

उजवं फूल गेलं तेव्हा मी लातूरला होते. आल्यावर पाहिलं तर तिथे आकाशी टाइल आणि त्यावर डॉल्फिन. समुद्र ज्यांनी पाहिला नाही अशांच्या गावात मेहराबीवर डॉल्फिन उडी मारत होता. फूल पुढे आलेलं, म्हणून ते आधी छिन्नीने उडवून भिंत सपाट केली होती. मी त्या दिवशी तशीच परत निघाले, आणि बसमध्ये बाजूच्या बाईने विचारलं की घरात कोणी गेलंय का.

त्यानंतर मी आजारी पडले. पोटात गाठ निघाली आणि नांदेडला मोठं ऑपरेशन झालं. बरेच दिवस मी दवाखान्यातच होते. शुद्धीवर आल्यावर अव्वा पलंगाच्या पायथ्याशी बसलेली दिसायची. ऐंशी ओलांडलेली बाई, तिला घरी जा म्हटलं की ती ऐकूच येत नसल्यासारखं करायची. गाठ वाईट नाही असा रिपोर्ट आला, तेव्हा सगळे रडले, अव्वा नाही. ती फक्त म्हणाली, “आईकलं त्यानं.”

कोणी ऐकलं, काय ऐकलं, मी विचारलं नाही. मला जरा उभं राहता यायला लागलं, मी उदगीरला माहेरी विश्रांतीला गेले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की अव्वा अनवाणी फिरते आहे. अंगणात, रस्त्यावर, बाजारात, वैशाखाच्या उन्हात. टाचांना भेगा पडल्या होत्या, एका भेगेतून रक्त येऊन वाळलं होतं. मी भावजयीला विचारलं. ती म्हणाली, “तुमच्या आपरेशनच्या दिवसापासून हाय. नवस फिटेपर्यंत पायात काही घालायचं न्हाई म्हनल्यात. दर्ग्याला बोलल्यात तुमच्यासाठी. टाइलीचा.”

मी इतकी संतापले की टाके दुखायला लागले.

“अव्वा, तुला माहीत आहे ना मी त्या टाइलींविरुद्ध किती बोंबलत फिरते?”

“म्हाईत हाय.”

“मग तोच नवस बोलायचा होता? नारळ बोलायचास. चादर बोलायचीस. अन्नदान कर, मी वाढायला येते.”

“तितं जे चालतंय ते बोलले. त्या टायमाला मला तुजी कमान सुचंल व्हय?”

मी तिला समजावलं. मग चिडले. मग परत समजावलं. टाइलऐवजी चुन्याची पोती देऊ, घुमटाची ओल काढू, ती मोठी सेवा होईल. तिने ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मागताना एक मागायचं अन्‌ देताना दुसरं द्यायचं, हा दुकानदाराचा धर्म न्हाई. तुज्या अप्पानं गिऱ्हाइकाला कधी तसं केलं न्हाई.” मी म्हटलं, पिराला विचारू, कौल लावू. तर ती म्हणाली की फेडायच्या टायमाला कौल लावत नसतात. हा तिचा शेवटचा शब्द, आणि शब्द म्हणजे शब्द. आमच्या घरात माझा राग सगळ्यांना माहीत आहे, पण तो कोणाकडून आला हे फार कोणी बोलत नाही.

गुरुवारी भाऊ आम्हाला जीपने घेऊन गेला. अव्वाने मांडीवर टाइल धरली होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी ती बघायलाही तयार नव्हते. दर्ग्याच्या पायऱ्यांवर आता चकचकीत फरशी आहे, ती उन्हात तव्यासारखी तापते. पूर्वीच्या दगडी पायऱ्या अशा तापत नव्हत्या, निदान मला तरी तसं आठवतं. अव्वा त्या पायऱ्या अनवाणी चढली. मधे थांबली, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभी राहिली, परत चढली. मी हात द्यायला गेले तर तिने टाइल दुसऱ्या काखेत घेतली आणि माझा हात धरला.

आत सगळ्या भिंती भरलेल्या होत्या. मुजावर म्हणाले, “अम्मा, आता हाताला पुरंल अशी एवडीच जागा राहिली.” आणि त्यांनी मेहराबीच्या डाव्या खांद्याकडे बोट दाखवलं. मला वाटतं त्यांना माझ्याकडे बघायचं नव्हतं, आणि त्यांनी बघितलंही नाही.

मी म्हटलं, इथे नाही. पायरीला लावा, बाहेरच्या कट्ट्याला लावा, हौदाला लावा. अव्वा म्हणाली, आतल्या भिंतीचं बोलले आहे. मी म्हटलं, मग आणखी वर लावा. मुजावरांनी बोलावून ठेवलेला फरशीवाला म्हणाला की वर लावता येईल, पण हात कसा पोचणार, आणि शिडीवर चढून दाबलेलं चालतं का ते त्याला माहीत नाही. मुजावर म्हणाले, बाईंच्या पोटाला टाके आहेत, शिडी नको. दर्शनाला आलेले दहा-बारा लोक गोळा झाले. त्यातली एक बाई मला म्हणाली, “ताई, म्हातारीचा जीव कशाला टांगून ठिवता? एवढंसं फूल हाय. तेबी पडाय आलंय.”

ते पडायला आलेलं नव्हतं. मी तिथे उभी राहून सगळ्यांना सांगितलं, आणि माझा आवाज घुमटात फिरून परत माझ्याच अंगावर आला. ते फूल चांगलं घट्ट आहे. तुमच्या कोणाच्याही घराच्या स्लॅबपेक्षा घट्ट आहे. तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनी याच्याखाली हात जोडले आणि त्यांना कपबशी लागली नाही. पीर जर तुमचं गाऱ्हाणं ऐकत असेल तर या भिंतींतूनच ऐकत आला, आणि तुम्ही त्याचे कान बुजवताय. माझी लाज नका धरू, त्याची धरा. मी हात लावणार नाही.

कोणी वाद घातला नाही. त्यामुळे मला आणखी चीड आली. भांडण करायला आलेल्या माणसाला समोरच्यांनी वाट करून द्यावी, तसे ते बाजूला सरकले.

अव्वा खाली बसली. तिने पाय पुढे पसरले, तळवे माझ्याकडे. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, तिचे गुडघे दुमडत नाहीत. पायऱ्यांनी टाचेची भेग परत उघडली होती. त्या पायांनी ती दवाखान्याच्या जिन्यावरून वर-खाली करत राहिली असणार, आणि घरी परतल्यावर भाजी आणायला गेली असणार, आणि मला एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, “तू न्हाई लावला तर न्हाई. मी अशीच ऱ्हाईन. मला काय, किती दिवस ऱ्हायलेत.” यात धमकी नव्हती. भाव विचारून परत निघालेलं माणूस बोलतं तसं ती बोलली.

मग मी फरशीवाल्याला म्हटलं, कर.

त्याने छिन्नी लावली. रुंद पाकळीपासूनच सुरुवात केली, कारण तीच जास्त पुढे आलेली होती. चुना सहज सुटला नाही. घट्ट आहे असं मी म्हटलं होतं, ते खरं निघालं, आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता. पाकळ्या तुटून खाली पडत गेल्या, त्याने त्या हातानेच घमेल्यात ओढल्या आणि घमेलं बाहेर बाभळीखाली रिकामं करून आला. एखादा तुकडा उचलून घ्यावा असं मला सुचलं नाही. मी फक्त चिडलेली होते. त्याच्यावर, मुजावरांवर, कचेरीतल्या त्या माणसावर, माझ्या पोटात उगवलेल्या गाठीवर.

मग त्याने सिमेंट लावलं, टाइल ठेवली आणि म्हणाला, दाबा बाई. टाइलवर सूर्यफूल होतं. अव्वाने मुद्दाम शोधून आणली असणार, मला फुलं आवडतात म्हणून. मी तळहात ठेवला. मागचं सिमेंट ओलं, गार होतं, आणि ते गारपण टाइलमधून हाताला येत होतं. अव्वाने मागून येऊन माझ्या हातावर तिचा हात ठेवला आणि दोघींनी दाबून धरलं. तिचे ओठ हलत होते. कानडीत काहीतरी म्हणत होती, ती शंकराला म्हणते तेच.

परतताना जीपमध्ये अव्वा पेंगली नाही. पाय तिने वर सीटवर घेतले होते आणि भावाने वाटेतल्या दुकानातून घेतलेली मलमाची डबी तिच्या मांडीवर होती. फाटा मागे पडल्यावर ती म्हणाली, “लई चांगलं व्हतं का गं ते?”

मी म्हटलं, “हो.”

“हातानं केल्यालं?”

“हातानंच. आता ते कोणाला येत नाही. शोधून आले मी. परत होणार नाही ते, अव्वा, कधीच होणार नाही. समजतंय का तुला?”

मी हे ओरडूनच म्हणाले असेन, कारण भावाने आरशातून मागे पाहिलं. अव्वा खिडकीबाहेर बघत होती. तुराट्यांचे ढीग मागे जात होते.

“समजतंय की,” ती म्हणाली. “तू बी परत झाली नसतीस.”